श्रद्धा, कॉलेज आणि आजचा गोवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बार्देशातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माहेर नगरचं, घर ख्रिस्ती. आजी रोज दिवेलागणीला नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायची, त्या आवाजात मी मोठी झाले. लग्न होऊन गोव्यात आले त्याला बावीस वर्षं झाली. इथं माझ्याकडे दोन्ही बाजूंनी प्रश्न येतात. पेडणे, डिचोली, सत्तरीकडचे पालक एक विचारतात, आणि रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाणारी, किंवा जायची बंद झालेली, ख्रिस्ती मुलं दुसरं. तेच प्रश्न पुन:पुन्हा येऊ लागले म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. उत्तरं माझी आहेत, कुठल्या संस्थेची किंवा चर्चची नाहीत.

चर्चच्या कॉलेजात मुलीला घातलं तर तिला बाटवतील का?

हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत येतो, आणि बहुतेक वेळा दबक्या आवाजात. "मॅडम, रागावू नका हां, पण..." अशी सुरुवात होते. मी रागावत नाही. पोर्तुगीज राजवटीत ज्या घराचं कुलदैवत एका रात्रीत नदीपलीकडे न्यावं लागलं, त्या घरात ही भीती पिढ्यान्‌पिढ्या राहणारच. तिला हसणं हा अडाणीपणा होईल.

सरळ उत्तर: नाही. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. प्रत्यक्षात काय दिसतं तेही सांगते. सकाळी एखादी प्रार्थना होते, वर्षाच्या सुरुवातीला मिस्सा होते, भिंतीवर खुरीस (क्रूस) असतो, नाताळात येशूजन्माचा गोठा सजतो. वर्गातली तुमची मुलगी त्या गोठ्याला गवत लावायला मदत करील आणि घरी येऊन तुळशीपुढं दिवाही लावील. माझ्या पाहण्यातल्या शेकडो मुलींचं असंच झालं आहे.

आणि हे केवळ कायद्याच्या धाकानं होतं असंही नाही. कॅथलिक विद्यापीठांनी कसं असावं यावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली एक सविस्तर दस्तऐवज काढला. त्यात प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखला जावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. कुठं कोणी याविरुद्ध वागलं, तर पालकांनी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसावं. गप्प राहू नये.

अल्पसंख्याक संस्था म्हणजे अभ्यासक्रम वेगळा का? पदवी चालते ना?

पदवी गोवा विद्यापीठाचीच, आणि संस्था अल्पसंख्याकांची म्हणून अभ्यासक्रम किंवा परीक्षा वेगळी होत नाही. बी.एस्सी.ला बायबल नसतं. कलम ३० मुळे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीची संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क मिळतो, एवढंच. आणि अनुदान घेणाऱ्या संस्थेनं केवळ धर्म किंवा जात पाहून कोणाला प्रवेश नाकारू नये, असं कलम २९ सांगतं.

गोव्यात ख्रिस्ती उच्च शिक्षण नेमकं कधी सुरू झालं? १९६१ नंतर ना?

पदवी महाविद्यालयं विचारत असाल तर हो. मुक्तीनंतर १९६२ साली धेंपे आणि चौगुले ही दोन महाविद्यालयं आली. ख्रिस्ती संस्थांपैकी १९६३ साली म्हापशात सेंट झेवियर्स आलं, १९६४ साली नुवेला मुलींसाठी कार्मेल. ती सुरुवातीला मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, गोवा विद्यापीठ १९८५ पासूनचं. १९६२ च्या आधी पदवी हवी असेल तर मुलं मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड गाठायची.

पण मुळं फार जुनी आहेत. जुन्या गोव्यात जिथं गर्दी जाते त्या मोठ्या चर्चांपासून थोडं बाजूला, रस्त्यालगत एक एकटी कमान उभी आहे. काळसर दगड, वर झुडपं उगवलेली. पर्यटक गाडी न थांबवता पुढं जातात. ती सेंट पॉल कॉलेजची कमान. १५४० च्या दशकात सुरू झालेल्या या कॉलेजात आशियाभरातली मुलं शिकायला यायची. १५५६ साली सप्टेंबरात इथं छापखाना आला, भारतातला पहिला. तो खरं तर इथिओपियाला जायचा होता, वाटेत गोव्यात उतरला आणि राहिला. दर वर्षी पहिल्या सत्रात मी मुलांना तिथं घेऊन जाते. कमानीखाली उभं करून एवढंच सांगते की तुमच्या हातातलं पाठ्यपुस्तक इथून चालत आलं आहे. मग मुलं दगडाला हात लावून बघतात.

गोव्यातल्या ख्रिस्ती परंपरेचा मराठीशी काय संबंध? त्यांची भाषा तर कोंकणी, नाहीतर पोर्तुगीज.

या प्रश्नाची मी वाट बघत असते.

थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (कॅथलिक येशूसंघाचा धर्मगुरू) १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात आला. तिशीतला माणूस. पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तो इथंच राहिला, त्यातली बहुतेक साष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यात. तो कोंकणी शिकला आणि मराठीही शिकला. कोंकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं, भारतीय भाषेचं छापील असं ते पहिलं व्याकरण. आणि १६१६ साली त्यानं मराठी ओवीत जवळपास अकरा हजार ओव्यांचं पुराण छापलं. आपण त्याला ख्रिस्तपुराण म्हणतो. छापलं रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पण ओठांवर येते ती ज्ञानेश्वर-एकनाथांच्या घरातलीच ओवी.

आता मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. हे पुराण जन्माला आलं एका प्रश्नातून. आरंभीच नवा ख्रिस्ती झालेला एक श्रोता पाद्रीगुरूला विचारतो: आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशी पुराणं आम्हाला आमच्या भाषेत करून का देत नाही? त्या माणसाच्या हातून काहीतरी गेलं होतं, आणि तो भरपाई मागत होता. स्टीफन्सनं तो प्रश्न गाळला नाही, ग्रंथाच्या दारातच मांडला. पुढंही श्रोते शंका काढतात, पाद्री उत्तर देतो, पुन्हा शंका. अकरा हजार ओव्यांचा प्रपंच त्या एका तक्रारीवर उभा आहे.

शिकवायला आलेल्या माणसानं आधी शिकायला बसणं म्हणजे काय, हे मला या ग्रंथात दिसतं. तो साष्टीत आला तेव्हा त्याला 'ळ' म्हणता येत नसणार. तो म्हणायला शिकला, इतका की आपली ती प्रसिद्ध ओवी लिहून गेला:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा । कि रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भासांमाजि चोखळा । भासा मराठी ॥

मागे पेडण्याकडच्या एका मुलीला वर्गात वाचायला उठवलं. घरी आजोबा पोथी वाचतात, त्यामुळं चाल तिच्या कानात होती. तिनं ख्रिस्तपुराणातल्या ओव्या ज्ञानेश्वरीच्या चालीवर म्हटल्या. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द आला तशी ती थांबली, वर पाहिलं, आणि पुन्हा वाचू लागली. मागच्या बाकावर कळंगुटचा एक मुलगा होता. त्याची आजी रोमन लिपीतल्या पोथीतून कोंकणी प्रार्थना म्हणते. तास संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, हे आमचं आहे की त्यांचं?" मी म्हटलं, दोघांनी मिळून घरी घेऊन जा.

एकीकडे हे सांगता, मग इन्क्विझिशनचं काय? देवळं पाडली त्याचं काय?

एक गोष्ट कबूल करायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी याच तासाला फोंड्याच्या बाजूच्या एका मुलानं विचारलं होतं, "हे पुराण लिहिलं जात होतं तेव्हा आमचा मंगेश कुठं होता?" मी म्हटलं, "ते परीक्षेला नाही." तो खाली बसला. वर्षभर त्यानं पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी मी त्याचं तोंड बंद केलं, आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून आता विचारण्याआधीच सांगते.

मंगेश कुठ्ठाळीला होता, तो जुवारी ओलांडून प्रियोळला गेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पाडली गेली आणि माणसं रात्रीच्या अंधारात आपले देव उचलून अंत्रुज महालात (आजच्या फोंड्याकडे) गेली. इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेवरून खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, १५६० साली आलं, मध्ये थोडी वर्षं थांबलं, आणि १८१२ पर्यंत चाललं. कुंकळ्ळीत १५८३ साली पाच जेझुइट मारले गेले, त्यानंतर बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावच्या प्रमुखांना ठार केलं. स्टीफन्स त्या वेळी साष्टीतच होता. १६८४ साली व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की तीन वर्षांत स्थानिकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या भाषांत चर्चच्याच माणसानं व्याकरण आणि पुराण रचलं, त्यांच्यावरच राज्य उठलं, आणि त्या राज्याला अनेक पाद्रींची साथ होती.

आणखी एक. पणजीत चर्चच्या पायऱ्यांसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. संध्याकाळी मुलं तिथं आईस्क्रीम खात बसतात. तो वैद्य होता, मूळ ज्यू कुटुंबातला. १५६३ साली त्यानं गोव्यात आपलं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं. तेही सगळं प्रश्नोत्तरांत: एक पाहुणा विचारतो आणि ओर्ता उत्तर देतो, आंब्यापासून अफूपर्यंत. तो वारल्यावर इन्क्विझिशननं त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० साली त्याची हाडं उकरून काढून जाळली.

ज्या शहरात असं पुस्तक छापलं गेलं त्याच शहरात ते लिहिणाऱ्याची हाडं जाळली. ख्रिस्ती म्हणून मला हे दोन्ही माझ्या घरचं मानावं लागतं. पहिलं तेवढं घ्यायचं आणि दुसरं 'त्या काळचं राजकारण' म्हणून झटकायचं, हे मला जमत नाही. २००० सालच्या मार्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी केलेल्या अत्याचारांबद्दल देवाची क्षमा मागितली. गोव्यातल्या चर्चच्या कॉलेजांत हा इतिहास तिथल्याच वर्गात, तिथल्याच फळ्यावर शिकवला जावा असं माझं ठाम मत आहे. तो लपवला तर मुलं तो मोबाइलवर बघतात, आणि तिथं तो सांगणाऱ्याला बहुतेक वेळा पुढच्या भांडणाची घाई असते.

विज्ञान शिकल्यावर श्रद्धा टिकते का?

प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा उत्क्रांतीचा तास संपवून थेट माझ्याकडे आला होता. खिशात रोझरी, हातात प्रॅक्टिकलची वही. "मागीर आदांव आनी एव कोण, मॅडम?" (मग आदाम आणि हव्वा कोण?) मी मराठीची, पण विचारायला त्याला मी सापडले.

मी त्याला आधी माणसं सांगितली. वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा संन्यासी होता, त्याचा निबंध १८६६ साली छापून आला. विश्व प्रसरण पावतंय आणि त्याला आरंभ आहे, ही कल्पना १९२७ ते १९३१ या काळात मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री होता. उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपेक्षा अधिक काही आहे, असं पोपनी १९९६ साली वैज्ञानिकांना लिहिलेल्या संदेशात म्हटलं. गॅलिलिओचंही सांगितलं. १६३३ साली त्याच्यावर खटला झाला, आणि चर्चनं चूक मोकळेपणी मान्य करायला १९९२ उजाडलं. साडेतीनशे वर्षं लागली, हे लाजिरवाणं आहे.

पण नुसती नावं सांगून त्याचं समाधान झालं नाही, आणि होऊ नये. तेव्हा मी माझ्या विषयाकडे आले. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, पुरावा आणि साक्ष. जीवाश्म पुरावा देतो. आई तुझ्यावर माया करते याचा पुरावा प्रयोगशाळेत मिळत नाही, त्याची साक्ष मिळते, रोजच्या डब्यातून, रात्री दार उघडं ठेवण्यातून. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाकडे पुरावा म्हणून गेलास तर तू विज्ञानाचं नुकसान करशील आणि पुस्तकाचंही. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिननं हेच बजावलं होतं: निसर्गातल्या गोष्टींवर ख्रिस्ती माणसानं अज्ञानानं बडबड केली की ऐकणारे त्याच्या श्रद्धेलाही हसतात. मुलानं वहीच्या मागच्या पानावर 'पुरावा' आणि 'साक्ष' असे दोन शब्द लिहून घेतले, मध्ये एक रेघ मारली आणि गेला. पुढं त्यानं एम.एस्सी. केलं. मिस्सेला जातो की नाही, मी विचारलं नाही.

तुम्ही प्रॉटेस्टंट, मग कॅथलिकांबद्दल एवढं का लिहिता?

कारण गोव्यात राहते, आणि गोव्यातलं ख्रिस्तीपण मुख्यतः कॅथलिक आहे. माझी परंपरा वेगळी आहे, अमेरिकन मिशनच्या नगरची. तिच्यातही प्रश्न विचारणारी माणसं आहेत. टिळक कीर्तनकारांच्या परंपरेतले कवी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं म्हणत राहिले. पंडिता रमाबाई संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेली बाई. इंग्लंडात १८८३ साली ख्रिस्ती झाली, आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी सिद्धान्तांवरून वाद घालायला लागली. ज्या नन तिला सांभाळत होत्या त्यांना तिची पत्रं जड गेली. माझा विवेक मी कुणाकडे गहाण टाकलेला नाही, हाच त्या पत्रांचा सूर. पुढं केडगावला बसून तिनं हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं. उच्च शिक्षण आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची मराठीतली गाठ मला तिच्याइतकी घट्ट दुसरीकडे दिसत नाही. माझ्या कॅथलिक विद्यार्थिनींना ती ठाऊक नसते, हिंदू विद्यार्थिनींना ती समाजसुधारक म्हणून ठाऊक असते. दोघींनाही मी तिची पत्रं वाचायला देते.

आजकाल कॉलेजातली ख्रिस्ती मुलं इगर्जीत (चर्चमध्ये) दिसत नाहीत. शिक्षणानं बिघडली का?

शिक्षणाला उगाच दोष नको. मला दिसणारी कारणं साधी आहेत.

पहिलं कारण पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे, आणि कित्येक घरांत बारावीचा निकाल आणि लिस्बनची कागदपत्रं एकाच महिन्यात येतात. मग मुलगा पदवीचं दुसरं वर्ष सोडून निघतो. पूर्वी थेट इंग्लंडात, स्विंडनला. तिथं गोंयकारांची मोठी वस्ती आहे. ब्रेक्झिटनंतर तो रस्ता अरुंद झाला, तरी युरोपचं आकर्षण तसंच आहे. त्याच्या आधीच्या पिढीचे बाप जहाजावर होते. घर सोडण्याची सवय या समाजाला आहे, म्हणून मी त्या मुलांना दोष देत नाही. पण वर्गातली रिकामी बाकं मी मोजते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, इथला पासपोर्ट परत द्यावा लागतो, हे कित्येकांना उशिरा कळतं. माझं पालकांना सांगणं एकच असतं: पदवी पूर्ण होऊ द्या, विमान वर्षभर थांबतं.

दुसरं कारण भाषा. शाळा इंग्रजी, घरात थोडी कोंकणी, मिस्सा कोंकणीत, मोबाइल इंग्रजी-हिंदीत. प्रवचनातले शब्द अर्ध्या मुलांना लागत नाहीत. जी गोष्ट समजतच नाही तिच्याबद्दल शंका तरी कशी येणार? हेच आमच्या हिंदू मुलांचं आरतीबाबत होतं, म्हणून हा केवळ चर्चचा प्रश्न मानू नका.

तिसरं, त्यांच्या खऱ्या प्रश्नांना उत्तर देणारं माणूस नसणं. लग्नाआधी सोबत राहणं, समलिंगी मित्र, डोंगर कापून होणारी बांधकामं, खाणी, नैराश्य. या विषयांवर बोलावं अशी जागा मुलं शोधतात आणि चॅटबॉटला विचारतात. व्हॅटिकननं २०२५ च्या जानेवारीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक टिपण काढलं. त्याचा गाभा असा की यंत्राला माहिती असते, पण समोरच्याशी नातं नसतं. मला पटतं. पण हे वाक्य खरं ठरायचं तर संध्याकाळी पाचला कॉलेजात ऐकून घेणारं कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे. स्टाफरूमला कुलूप लावून आपण सगळे साडेतीनला निघालो, तर मुलानं यंत्राकडे जाऊ नये असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

ख्रिस्ती मुलानं कॉलेजातल्या चवथीत (गणेशोत्सवात), हिंदू मुलानं फेस्तात (चर्चच्या सणात) जावं का?

गोव्यात हा प्रश्न विचारणारे बहुतेक बाहेरून आलेले असतात, किंवा फोनवर काहीतरी बघून घाबरलेले. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला हिंदू बायका तेल घेऊन रांगेत उभ्या असतात. लोक मानतात की मिलाग्रीस ही शिरगावच्या लइराई देवीची बहीण. सात बहिणींपैकी एक. शिरगावाहून सायबिणीला मोगऱ्याची फुलं जायची आणि इकडून लइराईला तेल, असं म्हापशातल्या म्हाताऱ्या बायका सांगतात. धर्मशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट बसत नाही, दोन्हीकडच्या. तरी ती चारशे वर्षांच्या जखमेवर लोकांनी स्वतः बांधलेली पट्टी आहे, असं मी मानते. ती उगाच उचकटू नये.

विद्यार्थ्यांना व्यवहाराची गोष्ट सांगते. जा, वाढा, वाजवा, जेवा. ज्या विधीला मन कबूल होत नाही तिथं नम्रपणे मागे उभं राहा. मित्राला कारण सांगा, तो समजून घेतो. मी स्वतः आरतीला उभी राहते, हात जोडत नाही. बावीस वर्षांत कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

मुलाला पाद्री व्हायचंय. किती वर्षं शिकावं लागतं?

चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा वर्षं, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त. गोव्यात रायतूरची सेमिनरी (पाद्री घडवणारं विद्यालय) त्यासाठी आहे. आधी साधी पदवी करू द्या असं मी सुचवते. हिंदू मित्रांबरोबर कँटीनमध्ये तीन वर्षं काढलेला पाद्री पुढं गावात वेगळा वागतो.

वाचायला सुरुवात कुठून करू? मी ख्रिस्ती नाही, चालेल?

चालेल म्हणजे काय, तुमच्यासाठीच तर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आधी घ्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावर एका ब्राह्मण बाईच्या मनात काय काय झालं, ते मराठीत याहून खरं कुणी लिहिलेलं नाही. मग ख्रिस्तपुराण. त्याची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली. पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे, जुन्या ग्रंथांची चौकशी तिथं करा.

ग्रंथ दोन भागांत आहे, पहिल्यात जुन्या कराराच्या कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. दुसऱ्यापासून सुरू केलंत तरी हरकत नाही. मात्र मनात वाचू नका. पहिल्या दहा ओव्या अवघड जातील, 'स'च्या जागी 'श' शोधाल, शब्द ओळखीचे असून अनोळखी वाटतील. घरात कुणी वडीलधारं पोथी वाचणारं असेल तर त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा. त्यांना चाल आपसूक सापडेल. 'जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी' ही ओळ आली की तिथं थांबवून पुन्हा म्हणायला सांगा.